मशीन बंद आहे तोवर

आणि हे सगळं तुझ्यामुळं झालं, आये, ते आधी ऐकून घे. तू मला ती कापी, म्हणजे कॉफी, करायला शिकवली नसतीस तर मी आज इथं मस्कतच्या खोलीत पलंगावर बसून कागद खराब करत नसतो. वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडत असतो. बाबा तुला म्हणायचे, पोराला काहीतरी शिकव. त्यांना शाळेचं म्हणायचं होतं. शाळेत मला बसवतच नव्हतं, ते तुला ठाऊक आहे. पुढं बिरवाडीच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं लागलो, तिथून महाडला हॉटेलात, तिथून पुण्याला, कुठंच पाय ठरला नाही. उठायचं आणि निघायचं. एकच गोष्ट नीट शिकलो, ती तुझ्याकडून, आणि नेमकी तीच आडवी आली.

मी इथं एका ऑफिसच्या पॅन्ट्रीत आहे. पॅन्ट्री म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर, पण त्यात कोणी स्वयंपाक करत नाही. एक सिंक, एक फ्रीज, मॅनेजरचा डबा गरम करायला विजेची शेगडी, आणि मधोमध कॉफीची मशीन. तू बघितली असतीस तर आधी हात जोडले असतेस, इतकी चकचकीत. वरून दाणे ओतायचे, मागून पाणी भरायचं, बटण दाबलं की आत घरघर होते आणि खाली फेसासकट कप भरतो. सकाळी साहेबलोक आले की त्यांना आधी तो कप लागतो, मगच तोंड उघडतात. माझं काम कप ठेवायचं, उचलायचं आणि धुवायचं. म्हणून तर सुट्टी लगेच मंजूर झाली होती. मी नसताना खालचा वॉचमन, एक बंगाली पोरगा, वर येऊन बटण दाबणार होता. बटण काय, कुणीही दाबेल.

सुट्टी शिमग्याची होती. तू गेल्यावर बरंच काय काय झालं. बाबांना अर्धांग झालं, डावी बाजू गेली, बोलणंही गेल्यातच जमा. ताईनं त्यांना बिरवाडीला आपल्या खोलीवर नेलं. दाजी कंपनीत पाळीला जातात, खोली एकच, त्यात तिची दोन मुलं आणि बाबांची खाट. आपलं गावचं, वरच्या वाडीतलं घर तेव्हापासून बंद आहे. कुलूप मी लावलं आणि किल्ली खिशात घालून इकडं आलो. कुणाकडं तरी ठेवून जावी हे डोक्यातच आलं नाही. घर माझं, किल्ली माझी, एवढंच डोक्यात. आणि शिमग्याला घरोघर फिरणारी देवाची पालखी बंद दारात थांबत नाही. ज्या दारात दिवा नाही, ओटी भरायला माणूस नाही, ते दार सोडून भोई पुढच्या घरी जातात. त्यांना बोल लावून उपयोग नाही, रीतच तशी आहे. म्हणून तर मुंबईची माणसं दुसऱ्या कशाला येत नाहीत पण शिमग्याला येऊन घर उघडतात. आपल्या दारावरून पालखी दोन वर्षं तशीच पुढं गेली. बाबांनी आयुष्यभर ती पालखी खांद्यावर नाचवली. वाडीतल्या कुणीतरी ताईकडं येऊन ते सांगितलं तेव्हा बाबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आता त्यांचा एकच शब्द स्वच्छ कळतो. दार. मी फोनवर म्हणालो होतो, "बाबा, यंदा मी येतो. खालच्या वाडीपर्यंत गाडी जाते, पुढं चढणीला तुम्हाला पाठीवर घेतो. दारात बसवतो तुम्हाला, पालखी येईल तेव्हा."

आणि निघायच्या आठवड्यात ती मशीन बंद पडली. सकाळी बटण दाबलं तर नुसता लाल दिवा. पाणी काढलं, पुन्हा भरलं, वायर काढून लावली. खालून थोडं गढूळ पाणी आलं आणि घरघरही थांबली. बाहेर माणसं यायला लागलेली. एक आला, रिकामा कप बघितला, परत गेला. दुसऱ्यानं विचारलं, "आज क्या हुआ?" मला तेव्हा गप्प बसायला पाहिजे होतं. मशीन बंद आहे, टेक्निशियन येईल, असं सांगून हात बांधून उभा राहायला पाहिजे होतं. पण मला कुठं गप्प उभं राहता येतं. मी मशीनमधले दाणे काढले, स्वच्छ फडक्यात बांधले आणि रिसेप्शनवरचा काचेचा पेपरवेट आणून ओट्यावर ठेचायला बसलो. तो आवाज ऐकून अकाउंटवाला डोकावून गेला, त्याला वाटलं मी मशीन फोडतोय. डबा गरम करायच्या पातेल्यात पाणी ठेवलं शेगडीवर, आणि कान त्या पाण्याकडं लावला.

कान लावायला तूच शिकवलंस. पोलादपूरला बँकेतल्या साहेबांच्या घरी तू धुण्याभांड्याला उतरायचीस, त्यांची बायको कर्नाटकातली, कापीवाली. त्यांची बदली झाली तेव्हा बाईनं तुला काचेची बरणीभर पूड दिली. ती बरणी तू देवाच्या फळीवर ठेवलीस. शेजारची काकू बांधावरून ओरडायची, "काय गो सायबीण, आज कापी का?" आणि तू म्हणायचीस, "ये, तुला पण देते, मग रात्रभर नवऱ्याशी भांडत बस, झोप नाय यायची." पुढं तुझ्या छातीत पाणी झालं. मला ती दुपार जशीच्या तशी दिसते. तू पडवीत घोंगडीवर पडली आहेस, बाबा औषध आणायला महाडला गेलेत, आणि तू म्हणतेस, कापी प्यावीशी वाटते. मी चुलीपाशी जातो, चहासारखं सगळं एकदम पातेल्यात टाकतो आणि रटरटा उकळतो. तू एक घोट घेतेस आणि भांडं खाली ठेवतेस. "हा चहा झाला," म्हणतेस. मी म्हणतो, पी ना, तापलंय चांगलं. "घाई. सगळ्यात घाई तुला. जा, जास्वंदीच्या बुडात ओत, आणि परत कर." मला राग येतो. एवढी महागाची पूड जास्वंदीला. पण मी ओततो आणि परत पाणी ठेवतो. मधे भिंत, तुला चूल दिसत नाही, तू पडल्या पडल्या आवाजावर सांगतेस. "सूं सूं करतंय ना, करू दे. आता आवाज बसला बघ. उतर खाली. आता पूड टाक. झाकण ठेव आणि लांब जाऊन बस. कप विसळ, अंगण बघ, काय पण कर, पण झाकण काढू नको." गाळताना मी फडकं पिळायला जातो तर तिथूनच, "पिळू नको, कडू होते." कसं कळलं तुला, देव जाणे. ती कापी तू अर्धी प्यालीस, उरलेली मला दिलीस आणि म्हणालीस, "आता कुठं पण गेलास तरी उपाशी राहायचा नाहीस." बरणी संपायच्या आधी तू गेलीस. उरलेल्या पुडीची कापी कुणी केली नाही. पुढं बाबांनी त्या बरणीत मीठ भरलं.

तर त्या सकाळी मस्कतमध्ये पाण्याचा आवाज बसला आणि मी पातेलं उतरवलं. तू सांगितलंस तसं सगळं केलं. कप बाहेर गेले आणि थोड्या वेळानं मॅनेजर स्वतः पॅन्ट्रीत आला. तो केरळचा. दारात उभा राहून म्हणाला, "ये तुमने बनाया? हाथ से?" मी मान हलवली. तो हसला, माझ्या खांद्यावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी त्यानं घरून किलोभर पूड आणून माझ्या ओट्यावर ठेवली. ती पिशवी बघितली तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. टेक्निशियन येऊन गेला, म्हणाला आतला पार्ट बाहेरून मागवावा लागेल, महिना जाईल. मॅनेजर म्हणाला, चालेल. मग मला केबिनमध्ये बोलावलं आणि गोड बोलून सांगितलं, "छुट्टी थोडा आगे करो. मशीन आने दो. तुम जाएगा तो इधर कॉफी कौन देगा?" मी म्हणालो, साहेब, वडील आजारी आहेत, गावाला सण आहे, मी त्यांना शब्द दिलाय. तो म्हणाला, एक महिन्याचाच प्रश्न आहे. मी म्हणालो, पालखी महिनाभर थांबत नाही. ते त्याला कळलं नाही आणि मला हिंदीत नीट सांगता आलं नाही.

आमच्या ऑफिसची गाडी चालवणारे चाचा महाडचे आहेत, इथं त्यांची उमर गेली. ते पॅन्ट्रीत येऊन बसले आणि मला शिव्या घातल्या. "अरे येड्या, पयल्या दिवशी सांगायचास ना, आमच्यात कापी कोण पीत नाय, मला नाय येत. हुशारी कोणी सांगितलेली?"

"आता काय करू, चाचा?"

"आता घाण कर. असली कर की बेसिनमध्ये थुंकले पायजेत. दोन दिवसांत तुला सोडतात बघ." मग माझ्या हातातली किल्ली बघून म्हणाले, "ही मी नेली असती रे. पण मी रमजानला जातोय, तवर तुझा शिमगा होऊन जायचा." कुरिअरवाल्याला विचारलं तर तोही आठ-दहा दिवस म्हणाला.

मी केली घाण. दुसऱ्या सकाळी सगळी पूड एकदम पाण्यात टाकली, चहासारखी रटरटा उकळली, फडकं दोन्ही हातांनी पिळलं. मी स्वतः एक घोट घेतला, तो घशाखाली उतरला नाही. कप पाठवले आणि सिंकपाशी उभा राहिलो, आता कोण बोंबलत येतो ते बघत. कुणी आलं नाही. मॅनेजर बाहेर जाता जाता म्हणाला, "आज थोडा स्ट्राँग है. अच्छा है." अकाउंटवाल्यानं मोबाइलमधून मान वर न काढता दुसरा कप मागितला. सगळे कप रिकामे होऊन परत आले. आये, त्यांना फरकच पडत नाही. गरम पाहिजे, काळं पाहिजे, वेळेवर पाहिजे, बस. तू जास्वंदीत ओतायला लावलंस तेच ते प्याले. म्हणजे माझी सुट्टी तुझ्या कापीनं गेलीच नव्हती. कसंही काहीही केलं असतं तरी त्यांनी मला धरून ठेवलंच असतं, कारण त्यांना सकाळी उठून कप भरणारा एक हात पाहिजे. तुझ्यावर राग धरत होतो ते सोपं होतं. आता तेही राहिलं नाही.

सोडून दे म्हणशील. पूर्वी सोडायचोच की मी, चप्पल घालायचो आणि निघायचो. पण इथं माझा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे, आणि बाबांची औषधं या पगारावर आहेत. हे मला इकडं येताना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकून घ्यायला थांबलो नव्हतो.

काल ताईला फोन केला. म्हणालो, "मला सोडत नाहीत गो. मशीन बिघडलीय."

"कसली मशीन?"

"कापीची."

मागं तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "म्हणजे लोकांना कापी करून घालायला माणूस नाय, म्हणून तू येत नाय?"

"हां."

"आज सकाळी बाबांची दाढी केली दाजींनी. बाबाच गालावरनं हात फिरवून दाखवत होते, कर म्हणून. तू येणार म्हणून."

"सांग ना त्यांना."

"मी नाय सांगणार. तू सांग." आणि तिनं फोन त्यांच्या कानाला लावला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "बाबा, जेवलात काय?" ते म्हणाले, "दार." मी म्हणालो, "हां बाबा, उघडतोय." ताईनं फोन परत घेतला. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "वाडीतली चार माणसं बघते. डोलीतनं नेऊ त्यांना वर. ओटी मी भरीन. पण कुलपाचं काय?"

"तोड."

"आपल्याच घराचं?"

"दगड घाल आणि तोड. दुसरं काय करणार."

ते कुलूप तूच आणलं होतंस, महाडच्या बाजारातून, पितळी. दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून. परवा बाबा डोलीत बसलेले असतील, पुढं अंगणात कुणीतरी दगडानं त्यावर घाव घालत असेल, आणि ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर. मग पालखी येईल. त्यांची मान मला शोधायला वळेल की नाही माहीत नाही. किल्ली इथं माझ्या उशाखाली आहे. परवापासून ती कशालाच लागणार नाही.

हा कागद कुठं टाकायचा नाही, तो कुठं पोचायचाही नाही, म्हणून एक सांगून टाकतो. मॅनेजर सुट्टी नाही म्हणाला ना, तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. अगदी थोडा वेळ, केबिनचं दार लावून बाहेर येईपर्यंत. ताई मागं म्हणाली होती, बाबा आता मुलासारखे हलके झालेत, तुला काही जड जायचे नाहीत. तेच हलकं ओझं पाठीवर घ्यायला मी घाबरत होतो, आये. चढण नव्हे.

आज शुक्रवार, आमचं ऑफिस बंद. चाचा खाली गाडी घेऊन उभे आहेत, पैसे लावायच्या, म्हणजे घरी पाठवायच्या, दुकानात नेतो म्हणाले. ताईच्या नावावर लावतोय. बिरवाडीपासून गाडीचे, डोलीच्या चार माणसांचे, नारळाचे, ओटीचे आणि नव्या कुलपाचे, सगळे मिळून साडेसात हजार.