मंदारच्या पाटावरची वाळू

रविवार, २१ सप्टेंबर. ल्यूकन.

मंदारला स्पॅनिश नाणं सापडलं. चांदीचं! "हे काय आहे, बघ ना," म्हणून मला आणि प्राजक्ताला चहाला बोलावलं. काळं पडलेलं, पण क्रॉस स्पष्ट दिसतो. म्हणजे ओळखलं पण मीच. उद्या म्युझियमला देणार. द्यावंच लागतं इथे. पण नाव त्याचं लागणार ना!

बुडालेल्या स्पॅनिश जहाजांचं वेड मला. मेटल डिटेक्टर मी घेतला. नंतर कळलं, परवानगीशिवाय जुन्या वस्तू शोधायला तो वापरता येत नाही. तेव्हापासून माळ्यावर पडलाय. आणि ह्याला? यंदा दोन्ही घरचे गणपती विसर्जनाला स्लायगोच्या किनाऱ्यावर नेले, जिथे ती जहाजं बुडाली, तेही माझ्या हट्टाने. रिवाजाप्रमाणे रिकाम्या पाटावर मूठभर वाळू घरी आणली. मंदारने ती काल तुळशीच्या कुंडीत टाकली, तर नाणं पडलं.

"देवाने दिलं रे, आपण कुठे शोधलं?" म्हणे. हा नम्रपणा तर अजिबात सहन होत नाही. ते पांढरे बूटही. आज दारात ठेवले होते, अजून कोरे करकरीत.

येताना प्राजक्ता म्हणाली, "अरे, नशीब असतं एकेकाचं." घरी आल्या आल्या आमची वाळू टाकलेली कुंडी पेपरवर उपडी केली. नुसती माती आणि वाळू.

नशीब कसलं? बूट भिजतील म्हणून तो त्या दिवशी पाण्यापासून लांब उभा होता. "माझ्याही पाटावर टाक ना थोडी," म्हणाला. मी वाकून दोन मुठी भरल्या.

पहिली त्याला दिली.