मागून येणारी हाक

प्रिय ठकी,

फोनवर तुला चार ओळी लिहायच्या आणि पुसून टाकायच्या, हा उद्योग आठवडाभर करून झाला. शेवटी आज कागद घेऊन बसले. घरात कुणी नाही. तुझा दादा कामावर गेलाय, चिमी कॉलेजला. या वेळी ती रस्त्यावरून चालत असेल, म्हणून दर मिनिटाला घड्याळ बघतेय. थांब, पहिल्यापासून सांगते.

यंदाही माझ्या रिलेच्या टीममध्ये तुझी भाची आहे, हे तुला ठाऊकच आहे. आई कोच आणि लेक हाताखाली, म्हणजे मैदानावर भांडण, घरी भांडण, मधे काय ती अंघोळीपुरती शांतता. गेल्या वर्षी ती पहिला टप्पा धावायची. पण पिस्तूल वाजलं की बाकीच्या सुटायच्या आणि आमची बाई क्षणभर जागच्या जागी. मी म्हटलं, घाबरते. त्यावरून तिला काय काय बोलले! मग एक दिवस तीच म्हणाली, "आई, मला तिसरी ठेव ना. वळणावर मी जास्त चांगली पळते." पळते खरी. ठेवली.

रिलेतलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बॅटन घेणारी एकदा सुटली की मागे वळून बघत नाही. बघितलं की वेग मेलाच. तिने ट्रॅकवर एक चिकटपट्टी लावलेली असते. मागची मुलगी त्या पट्टीवर पोचली की हिने समोर बघून सुसाट सुटायचं. मागची अगदी जवळ आली की ओरडते, "हात!" त्याबरोबर हिचा हात मागे आला पाहिजे, आणि बॅटन त्यात बसली पाहिजे. ठरलेल्या हद्दीबाहेर दिलीत तर चौघीही बाद. त्या एका हाकेसाठी मी मुलींचे घसे बसवते.

स्पर्धा तोंडावर आलेली असताना सरावात लंबूने चिमीला हाक दिली. लंबू म्हणजे आमची दुसरी, ताडमाड उंच आणि आवाजही तसाच दणदणीत. मैदानावरच्या माळीकाकांनी लांबून मान वर केली, पण चिमीचा हात आला नाही. लंबू पुन्हा ओरडली. हात नाहीच. तिचा पाय चिमीच्या टाचेवर पडला आणि दोघी लोळत गेल्या. "बहिरी आहेस का गं?" लंबू रागाने म्हणाली. गुडघे सोलवटलेल्या पोरी तशा काहीही बोलतात. मी मात्र जिथे उभी होते तिथेच थिजले. कारण चिमी लंबूच्या ओठांकडे बघत होती. अगदी तुझ्यासारखी, ठकी.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस. मला वाटायचं, नणंदबाईंना माझी लिपस्टिक आवडलेली दिसते! पुष्कळ दिवसांनी कळलं की तू ओठ वाचतेस. तेही तुझ्या दादाने सांगितलं, दार लावून. सासूबाईंसमोर तो विषयच निघत नसे.

त्या दिवसापासून मी माझ्याच लेकीवर पाळत ठेवू लागले. ती ओट्यापाशी उभी असताना मागून हळूच नाव घ्यायचं. वळली नाही की थोडं मोठ्याने. एकदा तर मुद्दाम चमचा फरशीवर पाडला. इतका खणखणला की माझेच खांदे उडाले. ती आपली काकडी चिरत होती. मी चमचा उचलला, धुतला, जागेवर ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

तिला काहीच बोलले नाही. सांगायचं तरी काय? मी काय केलं, तर टीमचा डावच बदलला. चौघींना बसवून म्हटलं, स्पर्धेला प्रेक्षकांचा एवढा गोंगाट असतो की हाक ऐकू येत नाही. तेव्हा आता हाक बंद. घेणारीने सुटल्यावर मनात पावलं मोजायची आणि ठरलेल्या पावलाला आपणहून हात मागे टाकायचा. देणारीने न बोलता बॅटन ठेवायची. लंबू म्हणाली, "मॅडम, भारी डोकं लावलंत!"  चिमी माझ्याकडे बघत राहिली, मग बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

स्पर्धेच्या दिवशी मी कठडा इतका घट्ट धरून उभी होते की तळव्यावर वळ उठले. लंबू पट्टीवर आली, चिमी सुटली. मला पावलं दिसेनात, नुसती तिची मान दिसत होती, समोर ताठ. वाटलं, संपलं. तेवढ्यात हात मागे आला आणि बॅटन त्यात अलगद बसली. आमचा दुसरा नंबर आला. पोरींनी मला मिठ्या मारल्या, आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. मला वाटलं होतं, भीती मैदानावरच आहे आणि ती आता टळली.

फाटकाबाहेर एक टेम्पो मागे येत होता. मागे घेताना वाजतो ना तो आवाज, तो कर्कश वाजत होता. चिमी खांद्यावर बॅग टाकून, मेडल बघत, सरळ त्याच्या वाटेत चालली होती. मी ओरडले. ठकी, माझा आवाज अख्ख्या मैदानावर पोचतो, तुझा दादा त्यावरून चेष्टा करतो. मी सगळा जीव घशात आणून तिचं नाव घेत होते आणि ती वळत नव्हती. लंबूने झेप घेऊन बॅगेचा पट्टा धरला आणि तिला मागे खेचलं. टेम्पो त्याच जागेवरून मागे सरकत गेला.

मग आम्ही फुटपाथवर बसलो.  चिमी म्हणाली, "तू हाक का बंद केलीस ते मला कळलं होतं." मी विचारलं, ऐकू येणं कधीपासून कमी झालंय? म्हणाली, "पिस्तूल ऐकू येईना त्याच्या आधीपासून. सांगितलं असतं तर तू मला टीममधून काढलं असतंस." आणि मग, "आई, माझं आत्यासारखं होणार का?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय!" सासूबाई म्हणायच्या तसंच, त्याच सुरात. तिने ओठ वाचले आणि तोंड फिरवलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही कान जाताहेत, डावा जास्त लवकर. मशीनने सध्या भागेल, पुढचं सांगता येत नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, आत्याला. कोणत्या वयात सुरू झालं? हळूहळू की एकदम? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तुझा दादा जमिनीकडे बघत होता. चिमी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

मशीन पुढच्या आठवड्यात मिळेल. सराव ती सोडत नाही, मीही सोडवत नाही. तीच टीम पुढच्या फेरीला जाणार, हाकेशिवाय. पण घरात ती माझ्याशी एक शब्द बोलत नाही. काल फक्त एवढंच म्हणाली, "आत्याला बोलाव. मला तिच्याशी बोलायचंय. तुझ्याशी नाही, तू लगेच रडतेस."

म्हणून लिहिलं. रजा काढ आणि ये. तुम्ही दोघी खोलीत बसा, मी दाराशी उभी राहणार नाही. तिने विचारलेलं सगळं सांग, शेवटचा आवाज कोणता ऐकलास तेसुद्धा. भीती वाटली असेल तर वाटली म्हण. तिला खोटा धीर देऊ नकोस, तो तिला आमच्याकडून भरपूर मिळालाय. नंतर स्वयंपाकघरात ये आणि मला मात्र, ठकी, थोडा खोटाच दे.

तुझीच,
वहिनी