पूजेतला पाना

२ ऑक्टोबर, दसरा

तुटला! गाडीच्या इंजिनातला बोल्ट तुटला. अर्धा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, तोंडात आत, अर्धा अंकितच्या हातात. सणाचा दिवस आणि घरात कोणी कोणाला सोनं द्यायला तयार नाही. दारात आलेल्या लोकांना मीच एकटी आपट्याची पानं देत होते. हसून हसून गाल दुखले.

झालं असं. काल प्रफुलनं घरच्या गाडीचा पट्टा बदलला. (घरात नवऱ्याचं नाव घेत नाही, इथं घेते. इथं कोण ऐकतं!) पुलीचा मोठा बोल्ट नुसता हातानं बसवला होता, पान्यानं आवळायचा बाकी होता. तेवढ्यात सासूबाईंची हाक — "प्रफुल, खंडेनवमी हाय न! हत्यारं दे पूजेले!" पूजेच्या बाबतीत आमच्या या आईंपुढे, प्रमिलाबाईंपुढे, कोणाचं काही चालत नाही. सगळे पाने धुऊन, हळदीकुंकू लावून पाटावर बसले. एकदा बसले की दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सासऱ्यांनी गॅरेज उघडलं तेव्हापासूनची रीत. प्रफुल म्हणाला, असू दे, उद्या संध्याकाळी आवळतो.

आणि आज सकाळी आमचे दीर, अंकितराव, गाडीला झेंडूचा हार घालून मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारून आले! कोणाला विचारलं? कोणालाच नाही. वाटेत खडखड आवाज आला, बोनेट उघडलं, बोल्ट ढिला दिसला. मग देवापुढचा पाना उचलला, त्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि सगळा जीव लावून ओढलं. कडाक!

आई म्हणतात, देवीपुढचा पाना उचलला म्हणून तुटला. प्रफुल म्हणतो, पाइप लावला म्हणून तुटला. मी म्हणते, उद्या शुक्रवार आहे, आईंचं डायलिसिस आहे, कारंज्याहून वर्ध्याला न्यायचं कसं?

३ ऑक्टोबर

एसटीनं गेलो. सणाची गर्दी. भाड्याची गाडी मिळाली नाही, आणि गॅरेजमधली गिऱ्हाइकाची गाडी घरच्या कामाला लावायची नाही हाही सासऱ्यांचाच नियम! माणूस गेला, नियम राहिले.

जाताना आई ठीक होत्या. येताना हाल. मशीनवरून उठलेलं माणूस ते, अंगात त्राण नाही, आणि वर बसचे धक्के. आर्वीच्या पुढे उलटी झाली, माझ्या पदरातच. म्हणाल्या, "अंजू, मले इथंच उतरव. झाडाखाली बसतो मी. तू जाय घरी." मी रागावले. मग त्यांचा हात धरून बसले. हात केवढासा झाला आहे आता.

४ ऑक्टोबर

प्रफुलनं रेडिएटर काढला, पुली काढली, जागा मोकळी केली, तुटलेला बोल्ट सैल व्हावा म्हणून त्यावर डिझेल सोडलं. आणि बसून राहिला. दिवसभर! अख्ख्या हायवेचे ट्रक हा माणूस दुरुस्त करतो, आणि घरची गाडी ठोकळ्यांवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी चहा द्यायला गेले तर मला समजावत होता. बोल्टच्या बरोबर मधोमध बारीक भोक पाडायचं, मग उलटं फिरवून तुकडा बाहेर काढायचा. पण ड्रिल जरा जरी कललं तर क्रँकचे आटे जातील. आटे गेले की क्रँक गेला, क्रँक गेला की पूर्ण इंजिन खाली. "मंग महिनाभर गाडी विसरून जाजो."

मी म्हटलं, मग कललं नाही पाहिजे.

म्हणे, तुले सोपं वाटते.

५ ऑक्टोबर

दोघा भावांचा अबोला. निरोप माझ्याकडून! "वहिनी, दादाले सांगा, मी ड्रिल मशीन आणून देतो." "त्याले सांग, गाडीच्या जवळपास दिसू नको म्हणा." एकमेकांपासून चार हातांवर उभे आहेत दोघं. मी काय पोस्टमन आहे काय?

अंकितचं चुकलंच. पण पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. पोरगं काय म्हणते मी, तिशीचा झाला आहे.

७ ऑक्टोबर

बस आलीच नाही. दुसरी आली ती आर्वीत बंद पडली. मशीनची वेळ निघून गेली. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, उद्या सकाळी या, जागा करतो.

स्टँडवर मी रडकुंडीला आलेली, आणि आई? मजेत! बाकावर पाय वर घेऊन बसल्या, शेजारच्या बाईला तिच्या माहेरचं विचारत होत्या. त्या बाईनं संत्र्याची फोड पुढं केली. आईंनी घेतली सुद्धा! किडनीच्या माणसाला संत्रं चालत नाही, किती वेळा सांगायचं? मी हातातून ओढून घेतली. चारचौघांत. त्यांनी पदराला बोटं पुसली.

तेव्हापासून मला कसंतरीच होतं आहे.

८ ऑक्टोबर

गावातल्या नत्थूच्या भाजीच्या टेम्पोतून नेलं. पुढं ड्रायव्हरजवळ आई, मागं सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्यांमध्ये मी. डायलिसिस झालं. बस्स.

९ ऑक्टोबर

आज माझा तोल गेला. प्रफुल पुन्हा त्या गाडीसमोर स्टूल टाकून बसलेला. मी म्हटलं, "भोक पाडता की मी पाडू? द्या इकडे ती मशीन!" वाटलं ओरडेल. ओरडला नाही. हात पुढं केला. "पाह्य. थरथर कापून राह्यला. दुसऱ्याच्या गाडीवर नाई कापत. हे गाडी गेली त आईले कशात नेऊ?"

इतकी वर्षं संसार केला, या माणसाला घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात अंकित मागून आला, काहीतरी बोलायला गेला, आणि दोघांत पेटली! पाइप, पाना, अक्कल, सगळं निघालं. ओसरीतल्या खाटेवरून आईंचा आवाज — "पाना कोनं मांगतला होता? म्याच न? मंग मले शिव्या द्या! त्याले काऊन देता?"

आई धापा टाकत होत्या. पाय सुजून डब झाले आहेत.

१० ऑक्टोबर

पुन्हा एसटीनंच. येताना पुन्हा उलटी. लिहवत नाही.

११ ऑक्टोबर

निघाला!!!

सकाळी अंकित आर्वीला जाऊन आला. लेथवाल्याकडून एक नळी करून आणली. बाहेरून क्रँकच्या तोंडात घट्ट बसेल अशी, आतून फक्त ड्रिलचं पातं जाईल एवढीच. म्हणजे पातं इकडे तिकडे हलणारच नाही! मापं त्यानं कधी घेतली देव जाणे. प्रफुलसमोर ठेवली आणि दूर जाऊन उभा राहिला.

प्रफुलनं नळी उचलली. फुंकर मारली. बसवून पाहिली. मग मला नाही, त्यालाच म्हणाला, "मशीन धर."

अंकित मशीन धरून, प्रफुल त्याच्या मनगटावर हात ठेवून. "हळू... दाबू नको... तेल सोड वं अंजू!" मी तेलाची कुपी घेऊन वाकलेली, पदर ग्रीसमध्ये. पातं उलटं फिरणारं लावलं होतं. भोक खोल गेलं, आणि एकदम पात्यानं तो तुकडाच पकडला. फिरला! गरगर फिरत बाहेर आला. आटे जसेच्या तसे!

प्रफुलनं अंकितच्या टाळक्यात एक टप्पल मारली. "गाढवा, पाइप लावत असते काय?" अंकित हसायला लागला, मग रडायला. मी पण. आईंना ओसरीत जाऊन सांगितलं तर म्हणाल्या, "दोघं बोलले काय?" मी म्हटलं, बोलले. म्हणाल्या, "मंग झालं."

१२ ऑक्टोबर

नवीन बोल्ट बसला. या खेपेला प्रफुलनं स्वतः आवळला आणि अंकितला तपासायला लावला. गाडी पहिल्या चावीत सुरू! मंगळवारी आई आरामात जातील. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१४ ऑक्टोबर

आर्वीच्या अलीकडे आई म्हणाल्या, "प्रफुल, दवाखान्यात नको नेऊ. मले मशीनवर नाई बसाचं आता. माहेरी ने, मायच्या घरी."

प्रफुल म्हणाला, "आई, तुह्यासाठीच त एवढी गाडी..."

"मालूम हाय. म्हणून त थांबली मी. गाडी बंद असतानी म्हटलं असतं, त जनमभर माह्या अंकितले बोल लागला असता."

प्रफुलनं गाडी कडेला घेतली. आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, वळवा.