वाटेवरची पावले माझी होती

॥ श्रीलक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

श्वेबिशे आल्ब, जर्मनी
माघ पौर्णिमा, शके १९२७
सोमवार, दि. १३ फेब्रुवारी २००६

चि. वासुदेव यास दिनकरदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी व सौ. कुंदाची प्रकृती उत्तम असावी, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना. माझे हस्ताक्षर पाहून तू हे पाकीट क्षणभर न फोडता तसेच हाती धरशील, हे मी जाणतो. गेल्या सदतीस वर्षांत मी तुला लग्नपत्रिकांखेरीज काही पाठविले नाही. आणि त्यांवरचा पत्ताही तुझ्या वहिनीने लिहिलेला असे.

येथे सर्व कुशल आहे. चि. श्रीपाद रोज पहाटे त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात जातो. सौ. स्वरूपा घर आणि स्वतःची नोकरी दोन्ही नेटाने सांभाळते. नात ईप्सिता आठ वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. तरुणपणी संस्कृतच्या अभ्यासासाठी शिकलेले जर्मन अखेर नातीशी बोलण्याच्या कामी आले. मात्र तिचे मत असे, की आजोबा शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या माणसासारखे जर्मन बोलतात.

थंडी विलक्षण आहे. स्नानसंध्या चुकलेली नाही.

आता श्रीपादविषयी लिहितो. त्याने पाठांतर सोडून यंत्रविद्या धरली, तेव्हा आपल्या घराण्याचा धागा तुटला, असे मी चारचौघांत म्हणत असे. तो धागा मला यंदा बर्फात सापडला.

ह्या गावात एक मंडळ आहे. येथे त्यास ‘फेराइन’ म्हणतात. पायांना स्की बांधून माळावरून, रानातून सरकत जाण्याची जी वाट असते, ती ‘लोइपे’. ती राखणे हे ह्या मंडळाचे काम. वेतन नाही, मानधन नाही. बर्फ पडल्यावर कामाला लागावे, असेही नाही. भाद्रपदात ही मंडळी वाटेवरचे गवत कापतात, दगड वेचतात, पडलेल्या फांद्या ओढून काढतात. कार्तिकात शेतकऱ्यांच्या दारी जाऊन शेतातून वाट नेण्याची अनुमती मागतात. पहिला बर्फ पडला की तो दाबून निजवतात, आणि तो घट्ट झाल्यावरच त्यावर पुढचा थर घेतात. मग पुढे दोन पट्ट्या आणि मागे रुंद रबरी पट्टा असलेली बर्फावरची स्कूटर येते. तिच्यामागे एक जड सांगाडा ओढला जातो. तो बर्फ विंचरतो आणि त्यात दोन समांतर चर उमटवीत जातो. त्यानंतर वाटेला रात्रभर विसावा द्यावा लागतो. ओल्या सारवणावर पाऊल टाकू नये, तसाच हा नियम आहे.

तीस वर्षे हे यंत्र हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेंडले नावाचे एक वृद्ध सुतार चालवीत आले. यंदा त्यांच्या गुडघ्याने दगा दिला, आणि त्यांनी किल्ली श्रीपादकडे दिली. पण ती परीक्षेपुरती. रविवारी मुलांची शर्यत व्हायची होती, आणि ती पार पडल्यावर किल्ली कायमची कोणाकडे राहावी, हे मंडळ ठरविणार होते. ज्याच्या देशी बर्फ केवळ शीतपेटीत असतो, त्याच्या हाती वाट कशी द्यावी, असे दोघे-तिघे उघड म्हणत. श्रीपाद हसून घेई. पण तो संध्याकाळी गॅरेजमध्ये त्या सांगाड्याचे दात एकेक करून घासत बसे. ते पाहताना मला आपले अप्पा नवरात्रापूर्वी देवाची उपकरणी घासत, ते आठवे. हे पद त्याला किती हवे होते, ते मला कळत होते. ज्या गावात आपण नऊ वर्षे राहिलो, त्या गावाने एकदा तरी आपल्यावर भार टाकावा, एवढीच त्याची इच्छा होती.

शनिवारी दुपारी त्याने वाट सिद्ध केली. उन्हे उतरताना मी जपमाळ घेऊन फिरावयास निघालो. गावामागच्या टेकडीभोवती ती वाट वळत गेली होती: स्वच्छ, अस्पर्श, दोन्ही बाजूंना रेघ. पालखी यायच्या आधी रस्त्यावर रांगोळीच्या रेघा ओढाव्यात, तशी मला ती दिसली. टेकडी उजव्या हाती ठेवून मी प्रदक्षिणा आरंभिली. रेघांवर पाय पडू नये म्हणून काठी टेकीत मधोमध चाललो. माझे बूट घोट्यापर्यंत रुतत होते, ते मी तपच समजलो. किलोमीटरभर असा चाललो असेन. पुण्यकर्माच्या समाधानाने घरी येऊन चहा घेतला.

रात्री थंडी उणे चौदापर्यंत उतरली, आणि माझे प्रत्येक पाऊल दगडासारखे गोठले.

रविवारी सकाळी सातलाच मंडळी टेकडीपाशी जमली. मीही उत्साहाने गेलो. ती भोके पाहिली, आणि वासुदेवा, तत्क्षणी मला सर्व समजले. श्रीपादलाही समजले. दर दुसऱ्या पावलाशी उजवीकडे काठीचे छिद्र होते. तशी काठी गावात दुसऱ्या कोणाजवळ नाही. त्याने एकदा खाली पाहिले, एकदा माझ्याकडे. पुन्हा पाहिले नाही.

मंडळाच्या चिटणीस बाईंनी विचारले, की वाटेच्या तोंडाशी ‘पायी चालू नये’ असा फलक लावला होता काय. लावला होता. मग हे कोणी केले, हे तुला ठाऊक आहे का, असे त्यांनी श्रीपादला विचारले.

श्रीपाद म्हणाला, “वाट माझ्या हाती होती. दोष माझा धरा. आल्झो, तर मग, फावडी कुठे आहेत?”

तो सहज बोलला. त्या एका वाक्याने त्याची किल्ली जाणार, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकास कळत होते. आणि मी, ज्याने सत्यावर शेकडो प्रवचने केली, तो कानटोपी सारखी करीत उभा होतो. असाच मी पूर्वी एकदा तोंड लपवून राहिलो होतो. ते पुढे लिहितो.

चौदा माणसे फावडी घेऊन वाकली. श्रीपाद सर्वांच्या पुढे होता. मी त्याची पाठ पाहिली आणि माझे पाय चालू लागले. ब्रेंडल्यांपुढे उभा राहून मी माझ्या त्या जुनाट जर्मनमध्ये म्हणालो, “महाशय, तो अपराधी मीच. फलक मी वाचला नाही. आणि आताही मी गप्प राहिलो, हा दुसरा अपराध.”

ब्रेंडल्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले, मग काठीकडे. “गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले. “आम्ही रानडुक्कर समजत होतो. पण काठी घेऊन चालणारे रानडुक्कर मी पाहिले नव्हते.” आणि त्यांनी स्वतःचे फावडे माझ्या हाती दिले.

मी माझी पावले बुजविली, वासुदेवा. एकेक पाऊल, एकेक नाम. श्रीपाद जवळ येऊन हळूच म्हणाला, “बाबा, कंबर सांभाळा. प्रदक्षिणा अर्धीच झाली होती ना? उरलेली आता करू.” अडुसष्टाव्या वर्षी मला मुलाचा आधार वाटला, आणि त्याची लाज वाटली नाही.

साडेअकराला यंत्र पुन्हा फिरले, रात्रभराच्या विसाव्याला वेळ नव्हता, आणि शर्यत दोन तास उशिरा सुटली. ईप्सिता नववी आली. दुपारी सूप पिताना मंडळाने निर्णय घेतला. ब्रेंडले उभे राहिले. ते म्हणाले, “तीस वर्षांत मी हे यंत्र तीनदा झाडावर घातले. तिन्ही वेळा रानडुकराचे नाव सांगितले. ह्याने ते नावसुद्धा घेतले नाही. किल्ली ह्याच्याकडे.” कोणी विरोधात हात वर केला नाही. श्रीपादने किल्ली घेतली, कपाळाला लावली. का लावली, ते तेथे मला एकट्यालाच कळले.

मी त्याला हे शिकविले नाही. मी शिकविले ते शब्द होते. अर्थ त्याने आपला आपण मिळविला. बापाच्या छातीत एवढा अभिमान मावतो, हे मला ठाऊक नव्हते.

आणि त्या अभिमानानेच मला हे पत्र लिहावयास बसविले आहे.

शके १८९१, वैशाख, नृसिंह नवरात्राचा चौथा दिवस. दुपारी नंदादीपाची पाळी माझी होती. मी एका संस्कृत टीकाग्रंथात इतका बुडालो, की तेल संपले, ज्योत गेली, हे मला कळले नाही. तुझी पाळी सुरू व्हायची म्हणून तू बुधली घेऊन आत आलास, आणि तुझ्यामागून अप्पा आले. त्यांनी विझलेला दीप पाहिला, तुझ्या हातची बुधली पाहिली, आणि पाळी तुझीच चुकली असे समजून ती काढून घेतली. तू माझ्याकडे एकदाच पाहिलेस. मी मान पोथीत घातली.

अप्पांनी तुला पुन्हा गाभाऱ्यात येऊ दिले नाही. तू नांदेडला निघून गेलास. पुराणिकाचे आसन मला मिळाले, आणि त्यावर बसून मी सदतीस वर्षे लोकांचे नमस्कार घेतले.

तूही अप्पांना माझे नाव सांगितले नाहीस. श्रीपाद कोणावर गेला आहे, हे मला काल टेकडीपाशी कळले.

चैत्रात मी परत येत आहे. वैशाखात, नृसिंह नवरात्राच्या पहिल्या दिवशी, पोथी सोडण्यापूर्वी, हे सर्व मी भरल्या सभेत सांगणार आहे. तू यावेस, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मात्र ती पितळी बुधली देवघरात आहे. अप्पांनंतर मी तिला कोणाचा हात लागू दिला नाही. तू आलास, तर पहिले तेल तुझ्या हातचे. न आलास, तर ती घेऊन मी नांदेडला तुझ्या दारी येईन.

सौ. कुंदास आशीर्वाद. तिला हे पत्र वाचून दाखव.

ज्याच्या पाळीत दीप विझला तो,
तुझा दादा
दिनकर