पुसलेली होडी

तीर्थरूप आई,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, खोलीला खिडकीही आहे. तू विचारतेस, दिवसभर करतेस तरी काय? अगं, उपग्रह रडारने समुद्राचे फोटो काढतो. ते रवा सांडल्यासारखे दाणेदार येतात. प्रत्येक ठिपक्याची शेजारच्यांशी सरासरी काढून मी ते दाणे घालवते.

मंगळवारी मात्र घोळ झाला. एक फोटो मी इतका गुळगुळीत केला की साहेब म्हणाले, "वा, आरसाच की!" मला राहवेना म्हणून मूळ फोटो पुन्हा उघडला, तर त्यात होडी होती. दोन दिवस तिचाच शोध चालला होता, आणि मी तिला दाणा समजून पुसलं होतं. लगेच कळवलं. माणसं सुखरूप सापडली, पण तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

काल तुझं पत्र परत काढलं. बाबांना आता दम लागत नाही, ते रोज फिरायला जातात. सगळं सुवाच्य अक्षरात. आई, तुझं पत्र खोडाखोडीशिवाय कधी आलंय? पहिला कागद फाडून हे नव्याने लिहिलंस ना?

मला तो पहिला पाठव. तुकडे असतील तर तुकडे पाठव.

तुझी,
धाकटी