चौथ्या फर्म्याच्या जागी पाचवा

ती. दादांना धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, म्हणून नमस्कार अर्ध्यावरच थांबला. उरलेला पोचला असं समजून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला, की अजून रोज सकाळी हजेरी लावतो? मागच्या रविवारी फोनवर तुमचा आवाज फार खोल गेल्यासारखा वाटला, म्हणून मी दोन दिवस जेवलो नाही नीट. मग कळलं की आईने खाटेजवळच्या फोनवर टॉवेल वाळत घातला होता आणि मी तसाच उचलून बोललो होतो. असो.

इकडे आई बरी आहे आणि मी जिंकलो आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मजकूर असा आहे की मधेच तुमचं ब्लडप्रेशर वाढायचं. घरच्या म्हाताऱ्यांसाठी नोकरी सोडणाऱ्यांना सरकार देतं तो भत्ता मंजूर झाल्यातच जमा आहे. तुमच्या या सहावी पास भावाने अख्ख्या कार्यालयाला त्यांचाच नियम वाचून दाखवला. (वाचला बाईंनी. पान मी काढून दिलं.)

आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, हे तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं. हाड जुळलं, पण तिला एकटीने उठता येत नाही. मी छापखान्यात बांधणीच्या टेबलावर बसायचो आणि दर तासाला मनात तिला उठवायचो. दुपारी धावत घरी, पुन्हा धावत कामावर. त्या घाईत एके दिवशी मी गुरांच्या आजारांच्या दोनशे पुस्तकांवर नवविवाहितांसाठी सल्ला असा पुठ्ठा चिकटवला. मालक फार बोलले नाहीत. "आईकडे बघ नाहीतर पुठ्ठ्याकडे बघ, दोन्हींकडे बघून तू कोणाच्याच कामाचा राहिला नाहीस," एवढंच म्हणाले. मग मी अडतीस वर्षांची नोकरी सोडली. आईला वाटलं मी सुट्टी घेतली आहे. खरं सांगितलं तेव्हा म्हणाली, "मला विचारलंस? आता दिवसभर तूच उठवणार मला? त्यापेक्षा भिंत बरी. धरली तर थरथरत तरी नाही."

थरथरतो मी, खोटं कशाला बोलू. पण दादा, दुसरा रस्ता मी पाहून आलो होतो. वृद्धांना ठेवतात तिथे आठ खाटांची खोली आहे. खिडकी सातव्या खाटेजवळ आणि रिकामी होती ती तिसरी. तिथल्या नर्स चांगल्या आहेत, पण मी उभा होतो तेवढ्यात एक म्हातारी तीन वेळा पाणी म्हणाली आणि तिसऱ्या वेळी मीच दिलं. घरी येऊन मी आईला काही सांगितलं नाही, तर तीच म्हणाली, "जाईन मी. तू तोंड असं करू नकोस, जेवण जात नाही." माझ्याजवळचे पैसे चार महिने पुरणार होते. भत्ता मिळाला तर मी घरी राहणार, नाही मिळाला तर मी पुन्हा पुठ्ठे चिकटवणार आणि ती तिसऱ्या खाटेवर. सगळं या एका अर्जावर आलं होतं.

आता अर्ज. तो होता बावीस पानांचा, सुटा, एका टाचणीवर लोंबकळणारा. त्यात डॉक्टरांचा दाखला, मालकांचं पत्र, घरभाड्याच्या पावत्या, प्रत्येकाचा आकार वेगळा. असं गबाळं बाड सरकारदरबारी न्यायचं म्हणजे अडतीस वर्षांना काळिमा. मी जुन्या टेबलावर गेलो, मालकांची परवानगी घेतली, सगळं शिवलं, पाठीला निळं कापड लावलं आणि सवयीने तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर कापून सारखं केलं. पुस्तक असं झालं होतं की हातात धरून बसावं. कार्यालयात मी तासभर आधी पोचलो. (घरून निघताना गॅस तीनदा पाहिला, शेजारणीला आईजवळ बसवलं, मग परत येऊन गॅस चौथ्यांदा पाहिला. शेजारीण म्हणाली, "काका, आता आम्हालाच घेऊन जा गॅससकट.") खिडकीवर चष्म्याला दोरी लावलेल्या बाई होत्या. त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं, वास घेतला आणि विचारलं की अर्जाचा क्रमांक कुठे आहे. क्रमांक वरच्या कडेला छापलेला होता. वरची कड मी कापली होती. माझी सही खालच्या कडेला होती. तीही. डॉक्टरांचा शिक्का उजवीकडे होता, त्याचा अर्धा चंद्र शिल्लक होता.

मी छापखान्यात धावलो. कातरण अजून पोत्यात होतं, पण त्यात दिवसभराचं दुसरं कातरणही होतं. दादा, मी जमिनीवर बसून अडीच तास कागदाच्या पट्ट्या वेचल्या. क्रमांक मिळाला, सही मिळाली, चंद्राचा दुसरा अर्धा भागही मिळाला. त्या मी जागच्या जागी चिकटवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीवर उभा राहिलो. बाईंना बहुतेक माझी दया आली. त्यांनी अर्ज घेतला आणि माझ्यासमोर दोन फायली धरून विचारलं, लाल कोणती, हिरवी कोणती. मी घाबरून आधी डावीकडची, नंतर उजवीकडची, आणि शेवटी बरोबर सांगितली. हे कशासाठी, असं विचारायची हिंमत झाली नाही, पण बाई स्वतःच म्हणाल्या की नियमात आहे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या रंगीत असतात ना. मला ते पटलं. मग त्यांनी माझं वय पाहिलं. त्रेसष्ट. त्यांनी चष्मा काढला, दोरीवर लोंबू दिला आणि म्हणाल्या, "काका, अर्जदार साठीच्या आतला लागतो. नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

मला तिसरी खाट दिसायला लागली. मी म्हणालो की बाई, माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तिला साठीच्या आतला मुलगा आता आणायचा कुठून? त्यांनाही ते कळत होतं. विश्वास बसावा म्हणून त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, हा भत्ता मिळण्यासाठी अर्जदार, आणि पुढच्या पानावर सुरुवात होती, साठ वर्षांच्या आतील असावा आणि त्याला लाल व हिरवा रंग ओळखता यावा. वाक्य कसं सरळ लागत होतं. मी वाचलं आणि मान खाली घातली.

मान खाली घातली म्हणूनच मला पुस्तकाची पाठ दिसली. कापड निघालं होतं आणि आतल्या घड्या उघड्या पडल्या होत्या. तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून सांगतो. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, त्यांना आम्ही फर्मे म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापतात, पहिल्याची वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. सगळे ओळीने लागले की पाठीवर जिना दिसतो. इथे जिना तीन पायऱ्या उतरत होता, मग एकदम खाली उडी, मग पुन्हा वर, मग ठीक.

मी म्हणालो, "बाई, तुमच्या चौथ्याच्या जागी पाचवा आलाय."

त्यांना वाटलं मी रांगेबद्दल बोलतोय. त्या म्हणाल्या, "रांगेत तुम्हीच आहात, काका."

मग मी बोट ठेवून जिना दाखवला. अठ्ठेचाळीससारखा एखादा सोडला तर पानांचे आकडे त्या पुस्तकात नव्हतेच, कापताना कडेबरोबर गेले होते, म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. मी पुढचा फर्मा उघडून दिला. बाईंनी दोरीवरचा चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, हा भत्ता मिळण्यासाठी अर्जदार... नोकरी सोडण्यापूर्वी किमान एक वर्ष सलग कामावर असावा, वयाची अट नाही. साठ वर्षं आणि लाल-हिरवं हे पुढच्या प्रकरणातलं निघालं, सरकारी गाड्यांच्या चालकांसाठी. सगळं कार्यालय गोळा झालं. साहेब आतून आले. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे नऊ वर्षं मी म्हाताऱ्यांना ड्रायव्हर समजून परत पाठवतेय." कोणी हसलं नाही. मग एक जण हसला, मग बाईच हसल्या, आणि मग त्यांनी डोळे पुसले आणि नाकारलेल्या अर्जांची पेटी खाली काढायला सांगितली. एकोणीस अर्ज निघाले. साहेबांनी मला चहा दिला, खुर्ची दिली आणि पुस्तक नव्याने बांधून देण्याची विनंती केली. मी म्हणालो, बांधतो, पण आईला दुपारी उठवून झाल्यावर.

घरी आल्यावर मी आईला सगळं दोनदा सांगितलं. ती पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू राहतोस." मी हो म्हणालो. तेव्हा तिने मला उठवायला लावलं आणि खिडकीपर्यंत चालली, माझा हात धरून. सात पावलं, दादा. वाटेत एकदाही भिंतीचं नाव काढलं नाही.

तुमचा धाकटा

ता.क. एक गोष्ट कोणाला सांगू नका. ते नियमांचं पुस्तक घरी आणून उसवलं तेव्हा शिलाईच्या शेवटी दोन गाठी निघाल्या. आमच्या छापखान्यात सगळे एक गाठ मारतात. दोन गाठी फक्त मी मारतो, सुटेल या भीतीने. आणि कड जास्त कोण कापतं ते वर आलंच आहे. साहेबांनी माझं कौतुक करायचं ठरवलं आहे, त्या दिवशी मला ताप येणार आहे. एकोणीस जणांकडे मी स्वतः जाऊन अर्ज पुन्हा भरून देतो आहे, सात झाले. त्यांतला एक मला देवमाणूस म्हणाला. मी लगेच उठून आलो.

ता.क. २. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. त्याच खऱ्या पानावर, वयाची अट नाही याच्या खालच्या ओळीत, दुसरी अट आहे. अर्जदाराच्या सख्ख्या भावंडांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यायचं की आम्ही पालकांच्या सांभाळात काहीही भाग घेत नाही. या कागदावाचून मंजुरीचा शिक्का अडला आहे. तुम्हाला विचारायला जीभ उचलत नव्हती, म्हणून इतकी पानं लिहिली. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, त्यामुळे त्रास होऊ नये. दर वर्षी कॅलेंडर पाठवता त्याचा उल्लेख करू नका, बाई म्हणाल्या की उगाच चौकशी होईल. मसुदा सोबत जोडला आहे, तो बघून लिहा. कडा कापलेल्या नाहीत.

ता.क. ३. मसुदा आईला वाचून दाखवला. मी थोरला मुलगा आईच्या सांभाळात काहीही भाग घेत नाही, एवढंच वाक्य होतं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, मधे "सध्या" घाल. ओळीत जागा नव्हती, म्हणून वर लिहिलं आहे. तुम्ही लिहिताना ते सोडू नका.