बिनमिठाचे सूप

बोटीवरून, सोमवार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र संगणकावरून जात असले, तरी मायना गाळणे मला पटत नाही. प्रकृती ठीक. तुझ्या ताईने हौसेने ठरवलेली ही सफर ती गेल्यावर मी एकट्याने तरी करावी, हा तुझा हट्ट पाळला. आता त्याचा वृत्तान्त ऐक.

उन्हात पडून राहणे, हा येथील मुख्य उद्योग. चांगली शिकलेली माणसे पहाटे टॉवेल टाकून खुर्च्या अडवतात आणि स्वतः न्याहारीला निघून जातात. हा प्रकार मला निषेधार्ह वाटतो. तरणतलावात औषध जरा जास्त पडते. पाणीपुरवठा खात्यात हयात गेल्यामुळे ते मला वासावरूनच कळले, पण बोललो नाही. दुपारी पत्ते, संध्याकाळी गाणीबजावणी, आणि मधल्या प्रत्येक फटीत खाणे.

ताईने जलरंगांच्या वर्गात नाव घातले होते. ते रीतसर कमी करावे म्हणून गेलो. शिक्षिकेने हसून विचारले, की बाईसाहेब कुठे आहेत. उत्तर मनात तयार होते. तोंडातून मात्र निघाले, की तिला बोट लागली आहे, खोलीत पडून आहे. बाईंनी तिची जागा रिकामी नको म्हणून माझ्याच हाती कुंचला दिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ताईच्या नावाची चिठ्ठी लावून रुग्णाचे सूप येते. वर्गातले निवृत्त दंतवैद्य आल्याच्या गोळ्या देतात, त्यांची पत्नी फुले पाठवते. नोकरीत मी कधी खोटा अहवाल दिला नाही. येथे रोज देतो, की आज जरा बरे आहे. शुक्रवारी बोट बंदराला लागेल. तेथे उतरून परतावे, असे ठरवले आहे.

तुझा,
भाऊजी


घरून, मंगळवार

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, मग पुन्हा हसले. ताईला बोट लागली म्हणे. हलत्या होडीत उभी राहून सगळ्यांचे फोटो काढणारी बाई ती. तुमच्या खोटेपणापेक्षा या बदनामीवरच जास्त चिडली असती.

आणि ते सूप कोण पितं, हे तुम्ही सोयीस्करपणे लिहिलं नाहीत. अन्न टाकणं तुमच्या जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे.

उतरायचं तर खुशाल उतरा. फक्त ताईला खोलीत आजारी ठेवून उतरू नका. त्या माणसांच्या लेखी ती कायमची अंथरुणावरच राहील. शेवटचं वर्ष तिचं तसंच गेलं, बोटीवर तरी नको.

रागावला असाल तर रागवा, पण पत्र पाठवा.

तुमची,
धाकटी


बोटीवरून, बुधवार

चि. धाकटीस आशीर्वाद.

सूप मीच पितो. त्यात मीठ अजिबात नसते. ताईने रक्तदाबापायी माझे मीठ निम्म्यावर आणले होते, यांनी ते पुरतेच तोडले. रुग्णासाठी मीठ मागवले तर संशय येईल, म्हणून तक्रार करता येत नाही.

तुझ्या पत्रातील अंथरुणाचे वाक्य मला दुसऱ्यांदा वाचवेना. उद्या वर्गात खरे काय ते सांगेन. त्यानंतर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हा परवा उतरण्याचा बेत कायम. सामान आवरले आहे.

तुझा,
भाऊजी


बोटीवरून, शनिवार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी वर्गात उभा राहिलो, परवानगी घेतली आणि दोन वाक्यांत सांगितले, की माझी पत्नी या बोटीवर नाही, ती गेल्या वर्षी वारली. सगळे कुंचले थांबले. दंतवैद्यांनी हळूच विचारले, की मग सूप. मी पितो, म्हणालो. रोज का, असे त्यांच्या पत्नीने विचारले. रोज, आणि तेही बिनमिठाचे, असे मी सांगितले. प्रथम त्या हसल्या, मग वर्ग हसला, आणि क्षमा कर, मीही हसलो. त्यात डोळे भरून आले.

मग त्यांनी विचारले, की ती होती कशी. मी होडीतल्या फोटोंपासून सुरुवात केली. जेवणाची वेळ टळून गेली, तरी कोणी उठेना.

काल बंदर आले. मी बॅग घेऊन वर गेलो, तर दंतवैद्यांनी टॉवेल टाकून माझ्यासाठी एक खुर्ची अडवून ठेवली होती. या प्रथेविरुद्ध मी तुला जे लिहिले, ते मागे घेतो. बोट सुटली तेव्हा मी त्या खुर्चीत होतो.

समुद्राचे चित्र पुरे झाले आहे. शिक्षिकेच्या मते लाटा नळांसारख्या दिसतात. तुला भेट म्हणून आणतो. भिंतीवर लावलेच पाहिजे, अशी सक्ती नाही.

काल संध्याकाळी पुन्हा सूप आले. चिठ्ठीवर माझे नाव होते आणि शेजारी मिठाची बाटली. निम्मेच घातले.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा; थोडा वाढल्यास माझी हरकत नाही.

तुझा,
भाऊजी